हिरव्या तळ्याच्या वाटेवरचं भांडण

परवा एका भाचीचा मेसेज आला. "मावशी, स्कॉटलंडला बर्फात चालायला जायचंय. सोपी वाट सांग ना." तिला चार ओळी लिहायला बसले आणि लिहिता लिहिता माझेच कान गरम व्हायला लागले. तीसेक वर्षं झाली त्या ट्रिपला. तिथला बर्फ तेव्हाच वितळला, माझा राग मात्र अजून शाबूत आहे. त्यामुळे या पोस्टमध्ये वाटेची माहिती आहे आणि माझी कटकटही आहे. नुसती माहिती हवी असेल त्यांनी कटकट गाळून वाचावी. जमलं तर.

नव्वदीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आम्ही रीडिंगला राहायचो. माझा नवरा प्रमोद तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये भूल देणारा डॉक्टर. मी रोज गाडी चालवत बेसिंगस्टोकला जायचे, एका कंपनीत प्रोग्रॅमर होते. सुरुवातीला तिथे मला दुसऱ्यांच्या चुका शोधायला बसवलं होतं. तिथून वर येत येत त्याच हिवाळ्यात मी टीम लीडर झाले होते. हे मुद्दाम सांगतेय, पुढे कामाला येईल. मुलगी गौरी सात वर्षांची.

ऑफिसमध्ये माझ्या समोर मार्गारेट बसायची. तिच्या टेबलावर एक फोटो होता. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि मध्ये एक लहानसं तळं, कच्च्या कैरीच्या सालीसारखं हिरवंगार. मला वाटलं फोटोच रंगवलाय. ती म्हणाली, नाही, पाणीच तसं आहे, केर्नगॉर्मच्या डोंगरात. तिथले लोक म्हणतात की पऱ्या त्यात आपले हिरवे कपडे धुतात. "आणि जायचं तर हिवाळ्यात जा. पायाला स्नोशूज बांधून. कोणी कोणी नसतं."

स्नोशूज म्हणजे बूट नव्हेत. सुपाएवढ्या जाळ्या असतात, त्या आपल्या बुटांखाली बांधायच्या, म्हणजे पाय बर्फात रुतत नाही. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात ते तळं घर करून बसलं. तीन हिवाळे प्रमोदच्या ऑन-कॉलने खाल्ले. चौथ्या वर्षी मी त्याचा रोटा, म्हणजे ड्युट्यांचा तक्ता, येण्याची वाट न बघता फेब्रुवारीच्या हाफ-टर्मला, शाळेच्या आठवडाभराच्या सुट्टीत, कॉटेज बुक केलं आणि त्याला म्हटलं, "रजा टाक. तू, मी आणि गौरी. बस."

दोन दिवसांनी जेवताना म्हणतो, "दीपक-वैशालीलाही सांगितलंय हं. ते पण येतायत."

"मला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? आपलेच लोक आहेत."

दीपक त्याचा कॉलेजचा मित्र, लंडनजवळ पिनरला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होता. वैशाली त्याची बायको, आणि त्यांची दोन मुलं. माणसं चांगली होती, माझा राग त्यांच्यावर नव्हता. पण "त्यात काय विचारायचं" हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या संसाराच्या चौकटीवर कुणीतरी ते कोरून ठेवलं असावं असं मला कधी कधी वाटतं.

रस्ता

रीडिंगहून एव्हीमोर म्हणजे दिवसभराचं ड्रायव्हिंग. पहाटे निघा. बर्मिंगहॅमची गर्दी सुरू व्हायच्या आत एम सिक्स हायवेला लागायचं, कार्लाइलपर्यंत त्यावरच, मग स्कॉटलंडात शिरून पर्थ, आणि पर्थच्या पुढे ए नाइन. हिवाळ्यात ए नाइनवर बर्फाचं फाटक असतं, आपल्याकडे रेल्वेला असतं तसं. वादळ असलं की ते बंद करतात आणि तुम्ही बसा मग. रेडिओ ऐकत राहा, टाकीत पेट्रोल भरपूर ठेवा आणि गाडीत फावडं ठेवा. सर्व्हिसेसवर, म्हणजे हायवेवरच्या थांब्यांवर, खाऊ नका, सगळं महाग आणि सगळं बेचव. मी दशम्या, लसणाची चटणी आणि बटाट्याच्या काचऱ्या नेल्या होत्या. दशम्या दोन दिवस मऊ राहतात.

दोन गाड्या होत्या. कार्लाइलच्या अलीकडे एका सर्व्हिसेसला थांबलो. पुरुष पोरांना घेऊन आत गेले. वैशालीने बॉनेटवर डबा उघडला, मला तिळाची वडी दिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बरं ऐक. तुझा फ्रीझर मला हं. आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर ती स्लाऊची आपली मराठी मंडळी टपलेलीच असतात."

आता हे कळायला तुम्हाला आमची तेव्हाची रीत माहीत हवी. कुणी कायमचं भारतात परत जायला निघालं की त्यांचं घर आपापसात वाटलं जायचं. शिपिंगचा खर्च परवडायचा नाही आणि इथले प्लग तिथे चालायचे नाहीत. मग मिक्सर एकीकडे, सोऱ्या दुसरीकडे, गणपतीचं मखर तिसरीकडे. चांगल्या वस्तूंवर बायका आधीपासून हक्क सांगून ठेवायच्या आणि त्यात कुणाला काही गैर वाटायचं नाही. मी स्वतः एका बाईकडून इडलीपात्र असंच आधी शब्द टाकून मिळवलं होतं. आणि आमच्या गराजमधला तो पेटीसारखा फ्रीझर होता अख्ख्या महाराष्ट्र मंडळात प्रसिद्ध. पन्नास माणसांच्या पुरणपोळ्या मावायच्या त्यात.

"माझा फ्रीझर? का गं?"

"अगं, एप्रिलमध्ये चाललाय ना तुम्ही? प्रमोदभावजींनी यांना सांगितलं. पाडव्याला पुण्यात. मला तर इतकं वाईट वाटलं... पण सासूबाई एकट्या पडल्या आहेत, ते पण खरंच." मग माझ्या तोंडाकडे बघून ती थबकली. "का? रद्द झालं का?"

मी वडी चावत होते. ती गिळेपर्यंत माझ्या तळपायाची आग मस्तकात जाऊन पोचली होती. पण तिथे, वैशालीसमोर, मला माझ्याच घरातलं माहीत नाही हे कबूल करायचं? मेले असते तरी केलं नसतं.

"बघू," मी म्हटलं. "फ्रीझरचं अजून ठरलं नाही."

फ्रीझरचं! माझ्या आयुष्याचं ठरलं होतं, फ्रीझरचं तेवढं राहिलं होतं.

तिथून पुढे पाच तास मी गाडीत त्या माणसाच्या शेजारी बसले. मागे गौरी होती, त्यामुळे तोंड उघडता येईना. पर्थनंतर डोंगर पांढरे होत गेले. मध्ये ड्रमॉक्टरची खिंड लागते, दोन्हीकडे उघडे, गोल, बर्फाने भरलेले डोंगर, हरणांचे कळप रस्त्यापर्यंत उतरलेले. बघण्यासारखं आहे, जरूर बघा. मी रागाने समोर एकटक बघत होते म्हणून मला ते इतकं स्वच्छ आठवतंय.

"दमलीस का गं?" प्रमोद म्हणाला.

"नाही."

"मग बोलत का नाहीस?"

"आई, तुझा नाक लाल झाली," गौरी मागून म्हणाली. "तू क्रॉस आहे?" रागावलीस का, असं तिला विचारायचं होतं.

"थंडी आहे बाळा," मी म्हटलं.

ग्लेनमोर

एव्हीमोर गाव म्हणून काही खास नाही. हॉटेलं, स्कीची दुकानं, चिप्सचा वास. तिथून सहा-सात मैल आत ग्लेनमोर, तिथे मोठं लॉख मॉर्लिक आहे. लॉख म्हणजे तलाव. त्याला चक्क वाळूचा किनारा आहे आणि फेब्रुवारीत त्या वाळूवर बर्फ. माझं हिरवं तळं तिथून पुढे दोन मैलांवर, रायव्होनच्या खिंडीत. उन्हाळ्यात चपला घालून जाता येईल अशी वाट आहे. आम्ही गेलो त्याच्या आदल्या रात्री गुडघाभर बर्फ पडला होता, आणि सकाळी आभाळ असं निळं की डोळे दुखावेत.

स्नोशूज तेव्हा तिथे कुणी फारसे वापरत नसे, सगळे स्कीवाले. चार दुकानं हिंडल्यावर एका म्हाताऱ्याकडे दोनच जोड्या निघाल्या, कॅनडाहून कुणीतरी आणलेल्या, लाकडी चौकटीच्या. दोन माणसांच्या चहा-केकला पडतील तेवढ्या पैशांत त्याने दिवसभरासाठी दिल्या. आता सगळीकडे हलक्या ॲल्युमिनियमच्या मिळतात.

दोनच जोड्या! मला वरून कुणीतरी पाठवल्यासारखंच वाटलं. मी लगेच वाटणी जाहीर केली. "दीपक, वैशाली, तुम्ही पोरांना लॉखवर स्लेजिंगला न्या. मी आणि प्रमोद जाऊन येतो."

"दीपक येऊ दे ना माझ्याबरोबर," प्रमोद म्हणाला. "तू वैशालीबरोबर गप्पा मार."

"प्रमोद," मी म्हटलं, "बूट घाल."

दुकानदाराने पट्टे बांधायला शिकवलं आणि बजावलं की पुढचा माणूस बर्फ दाबत वाट करतो, मागच्याला आयती मिळते. पुढे चालणं दुप्पट दमवतं, म्हणून आलटून पालटून पुढे व्हा. फार उपयुक्त सल्ला. तुम्ही पाळा. मी पाळला नाही.

वाट

पहिली दहा मिनिटं हसू येईल. पाय फाकवून चालावं लागतं, नाहीतर एका जाळीवर दुसरी पडते आणि माणूस तोंडावर. मी दोनदा आपटले, प्रमोद चारदा. उठताना हात टेकायला जावं तर हात खांद्यापर्यंत आत. मग लय सापडते. पाय उचला, पुढे टाका, वजन द्या, भुसकन थोडं दबतं आणि धरतं. पाइनच्या फांद्यांवर बर्फाचे गठ्ठे होते, मध्येच एखादा सुटून धप्पकन पडायचा. बाकी आवाज नाही. मार्गारेट खरं बोलली होती, वाटेवर आमच्याशिवाय कुणीही नव्हतं. फक्त एका सशाचे ठसे होते, तेही आम्हाला टाळून वळलेले.

वाटेच्या तोंडाशी असलेल्या गेटापासून थोडं आत गेल्यावर मी पुढे चालता चालता, मागे न बघता विचारलं, "एप्रिलमध्ये कितीची फ्लाइट आहे?"

मागची भुसभुस थांबली.

"तुला कुणी सांगितलं?"

"वैशालीने फ्रीझर मागितला माझा! सर्व्हिसेसच्या कार पार्कमध्ये, तिळाची वडी देऊन! लाज वाटली नाही तुला? दीपकला माहीत, वैशालीला माहीत, उद्या स्लाऊला कळेल, आणि मी? मी कोण आहे? सामान आहे का मी, शिपिंगने पाठवायचं?"

"मी सांगणारच होतो. इथेच सांगणार होतो. निवांत."

"सांगणार होतास! विचारणार नव्हतास!"

मी चालत राहिले. रागात असं चालता येतं हे मला तेव्हा कळलं. मांड्या भरून आल्या होत्या, स्वेटरच्या आत घामाची धार, आणि मी त्या बर्फात पाय आपटत वाट पाडत होते, प्रत्येक पावलाला एक वाक्य. माझी नोकरी. भुस्स. गौरीची शाळा. भुस्स. ते घर, ज्याच्या भिंती मी पोटुशी असताना शिडीवर चढून रंगवल्या. भुस्स. मागून त्याचं चाललं होतं, आई एकटी आहे, बाबा गेल्यापासून तिला करमत नाही, तिने दिवाळीत फोनवर बोलावलं, तिला नाही कसं म्हणणार.

"त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि मला हो-नाही म्हणूसुद्धा द्यायचं नाही. वा!"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

मी वळले. वळताना जाळीवर जाळी आली आणि पडता पडता वाचले, त्यामुळे माझ्या वळण्याचा रुबाब थोडा गेला, पण जाऊ दे.

"म्हणजे उत्तर माहीत होतं तुला," मी म्हटलं. "उत्तर माहीत होतं म्हणून प्रश्नच गिळलास."

त्याच्या मिशीवर बर्फाचे कण जमले होते. म्हणाला, "दमली असशील. मी पुढे होऊ का?"

"हे विचारतोस! एप्रिलमध्ये देश बदलायचा ते नाही विचारत, आणि हे विचारतोस! नाही. मीच चालणार पुढे."

आणि शेवटपर्यंत मीच चालले. पुढे दोन दिवस मला जिना उतरता येत नव्हता, पण त्याचं मला आजही दुःख नाही.

तळं

वाट एका बाजूला चढते, उजवीकडे दगडांची घसरण येते, आणि तिच्या पायथ्याशी एकदम ते तळं. पाच-सहा लाकडी पायऱ्या उतरून काठाशी जाता येतं, आमच्या वेळी त्या पायऱ्या बर्फाखाली होत्या, बसून घसरत गेलो.

आणि तळं होतं पांढरं. ठार पांढरं. गोठलेलं आणि वरून गुडघाभर बर्फ. झाकण घातलेल्या पातेल्यासारखं. तीन वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला, ते हिरवं पाणी त्याच्याखाली कुठेतरी होतं. मार्गारेटने फोटो उन्हाळ्यातला लावला होता आणि मला पाठवलं होतं हिवाळ्यात. मला तिचाही राग आला. त्या क्षणी मला हजार वर्षांपूर्वी इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम द कॉन्कररचासुद्धा राग आला असता.

"अरे वा," प्रमोद म्हणाला, विषय बदलायला मिळाला म्हणून. आणि एक पाऊल पुढे टाकून त्याने स्नोशू गोठलेल्या तळ्यावर ठेवला.

मी रकसॅक धरून त्याला असं ओढलं की दोघंही मागे पडलो. "अक्कल आहे का? माझं भांडण पुरं व्हायच्या आत बुडायचं नाही!"

तुम्हालाही सांगते, कितीही घट्ट दिसलं तरी त्यावर पाय ठेवू नका. जिथे ओढा येऊन मिळतो तिथे बर्फ पापडाएवढा पातळ असतो. तिथेच, एका कोपऱ्यात, ताटाएवढी जागा उघडी होती, आणि तिच्यात तो रंग दिसला. हिरवा. खरंच हिरवा, आतून दिवा लावल्यासारखा. मी पालथी पडून बघत राहिले. इतकं सुंदर होतं की मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच राग आला, कारण मला ते नुसतं बघायचं होतं, हे सगळं बरोबर घेऊन नव्हे.

दशमी खाल्ली. चटणीचा डबा त्याच्याकडे सरकवला नाही. तो नुसती दशमी खात बसला. मग मी म्हटलं, "खाली गेल्यावर आईंना फोन करायचा. आज. तू."

"काय सांगू?"

"जे खरं आहे ते."

फोन

परतीची वाट आमचीच पाडलेली होती, त्यामुळे निम्म्या वेळात आलो. लक्षात ठेवा, फेब्रुवारीत पाचनंतर अंधारायला लागतं, दोनच्या आत तळ्यावरून निघा. आम्ही साडेतीनला ग्लेनमोरच्या लाल फोन बॉक्सशी होतो. पुण्यात नऊ वाजले होते. प्रमोदच्या पाकिटात नेहमी फोनकार्डं असायची, हॉस्पिटलच्या सवयीने. तो जाळ्या काढून आत गेला, मी दाराशी. दार जड असतं त्या बॉक्सचं, पण काचेतून ऐकू येतं.

"आई? मी. हो, सगळे बरे. नाही, लंडनला नाही, स्कॉटलंडला. हो, स्वेटर घातलाय. अगं ते एप्रिलचं... जरा अवघड दिसतंय. नाही, मी यायला तयार आहे गं. ही नाही म्हणतेय."

ही नाही म्हणतेय!

मी दोन्ही हातांनी ते दार ओढलं. पायात अजून स्नोशूज होते, ते काही दारातून आत जाईनात, म्हणून कंबरेपासून आत वाकले आणि त्याच्या हातातून फोन घेतला.

"आई, मी बोलतेय. मी नाही म्हटलेलं नाही. मला कुणी विचारलंच नाही. मला काल रस्त्यात वैशालीकडून कळलं."

"कोण वैशाली?" सासूबाई म्हणाल्या.

"यांच्या मित्राची बायको. ते जाऊ दे. प्रमोदने मला यातलं एक अक्षर सांगितलं नाही." लग्नाला दहा वर्षं झाली होती. सासूबाईंशी बोलताना मी त्याला 'यांनी' सोडून नावाने म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. दोघींच्याही लक्षात आलं.

मग त्या म्हणाल्या, "अगं पण तूच मागे लागलीस ना? तो म्हणाला, तुला तिथे करमत नाही. नोकरीत फार ओढाताण होते, गौरीला मराठी धड येत नाही म्हणून रडतेस. म्हणून मी म्हटलं, या बापडे. मी कशाला बोलावू? मी आणि नलू आता नाशिकला एकत्र राहणार होतो."

नलूमावशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तीही एकटी.

"राहणार होतात?"

"सगळं ठरलं होतं. खालची जागा, बाग आहे. दोघी मिळून लहान मुलांना संस्कृत शिकवणार होतो. तुम्ही येणार म्हटल्यावर मी तिला नाही म्हणून कळवलं. पंधरा दिवस बोलली नाही माझ्याशी." त्यांचा आवाज चढला. "त्याला दे फोन."

मी दिला. मी बाहेर उभी होते आणि आतून त्यांचा आवाज काचेपर्यंत येत होता. प्रमोद फक्त "हो आई", "नाही आई", "हो" एवढंच म्हणत होता. मग पीप पीप वाजायला लागलं आणि तो केविलवाण्या आनंदाने म्हणाला, "आई, कार्ड संपतंय."

"दुसरं घाल," मी म्हटलं. त्याच्याकडे होतं. घातलं त्याने.

बाहेर आल्यावर तो समोरच्या बाकावर बर्फ न झटकताच बसला. मी त्याच्या समोर उभी राहिले. "आईंनी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं नव्हतं. मग कुणाला जायचं होतं परत?"

त्याने काढलेली जाळी मांडीवर घेतली आणि तिचा पट्टा गुंडाळला. मग म्हणाला, "दिवाळीच्या आधी वरच्या जागेसाठी इंटरव्ह्यू झाला होता. तिसरा. परत नाही म्हणाले. ज्याला घेतलं त्याला पेशंटच्या श्वासनळीत ट्यूब घालायला मी शिकवलं होतं. आता तो माझा बॉस. रोज सकाळी म्हणतो, मॉर्निंग, प्रॅम."

इंटरव्ह्यू झाला हेच मला माहीत नव्हतं. मी तेव्हा मंडळाच्या फराळाच्या ऑर्डरी घेत होते.

काय सांगू, त्या बाकापाशी माझ्या रागाचे दोन तुकडे झाले. एक तुकडा त्या हॉस्पिटलवर गेला, त्या तीन वेळा गोड हसून नाही म्हणणाऱ्या टायवाल्यांवर, आणि तो आजही त्यांच्यावरच आहे. माझ्या नवऱ्याच्या हाताखाली शिकून लोक वर गेले, आणि तो दहा वर्षं तिथेच, रात्रपाळ्या करत. पण दुसरा तुकडा तिथेच राहिला, त्याच्यावर.

"हे मला सांगायचं होतंस," मी म्हटलं. "मी तुझ्याबरोबर बसून त्यांना शिव्या दिल्या असत्या. रात्रभर दिल्या असत्या. आणि मग तू विचारलं असतंस की परत जाऊ या का, तर कोण जाणे, मी हो म्हटलंही असतं. पण तू आईंना माझं नाव सांगितलंस आणि मला आईंचं. दोन बायका पुढे केल्यास आणि स्वतः मागे लपलास."

"हो," तो म्हणाला.

तेवढंच. पण 'हो' म्हणाला.

लॉखच्या काठावर पोरं भिजून चिंब होती. गौरी ओरडली, "आई! मी दीपककाकाला पाडली!" वैशाली थर्मासमधून चहा ओतत होती. आमची तोंडं बघून तिने काय ओळखायचं ते ओळखलं.

"वैशाली," मी म्हटलं, "फ्रीझर कुठे जात नाही. आम्ही पण नाही."

"अय्या, खरंच?" तिने मला मिठी मारली. मग हळूच म्हणाली, "अगं पण मी यांना अख्खं गराज रिकामं करायला लावलं गं!"

घरी

स्नोशूजचा तो मार्ग आजही मी कुणालाही सांगेन. जाऊन-येऊन चार-साडेचार मैल, बऱ्यापैकी सपाट, कुठेही जीवाला धोका नाही, फक्त काठावरून पुढे जाऊ नका. हिरवं पाणी बघायचं असेल तर मे-जूनमध्ये जा, शांतता हवी असेल तर फेब्रुवारीत. आणि आलटून पालटून पुढे व्हा.

आम्ही राहिलो. प्रमोदने पुढे जीपीचं ट्रेनिंग घेतलं, आणि घ्यायचं की नाही यावर आमची किचनमध्ये तीन रविवार भांडणं झाली. छान भांडणं होती ती. दोघंही बोलत होतो. सासूबाई नाशिकला नलूमावशीकडे राहायला गेल्या आणि तिथे दोघींनी मिळून कॉलनीतल्या पोरांना शुभंकरोतीपासून धरलं.

त्याच जूनमध्ये त्या आमच्याकडे आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "मला ते तळं बघायचंय, जिथे याची जिरवलीस." परत एकदा एम सिक्स, परत दशम्या. नऊवारी नाही, पाचवारी नेसून आणि माझे पळायचे बूट घालून त्या सपासप चालत गेल्या. तळं हिरवंगार होतं. काठावर उभ्या राहून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "रंग आहे हो खरंच." मग मला म्हणाल्या, "तू बर्फात पूर्ण वाटभर पुढे चाललीस?" मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात धरला आणि परत येईपर्यंत सोडला नाही.

राग गेला का, असं विचाराल. नाही गेला. कमी झालेला आहे, पण आहे, आणि मला तो ठेवायचा आहे. तो गेला की मी परत गाडीत शेजारी बसून "थंडी आहे बाळा" म्हणणारी होईन. आणि तशी पाळी येत राहते. रीडिंगला परतल्यावर तिसऱ्याच दिवशी आली. मी पोळ्या लाटत होते, आई टेबलाशी भाजी निवडत होत्या. प्रमोद आत आला, फ्रिज उघडून उगाच आत बघितलं आणि म्हणाला, "आई, ही म्हणत होती, तू आता इथेच राहा म्हणून. आणि तुला पण बरं वाटतंय ना इथे, तसं मी हिला सांगितलंय."

माझं लाटणं थांबलं. आईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"तू म्हणालीस?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. तुम्ही म्हणालात?"

"नाही."

दोघींनी त्याच्याकडे बघितलं. त्याने एकदा आईंकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, हळूच फ्रिजचं दार लावलं आणि म्हणाला, "चहा टाकू का?"

"हे विचारतो बघ," आई म्हणाल्या. "टाक. आणि टाकलास की इथे आमच्या समोर बस."